धिंगरीची घरगुती पेटी: हवा खेळती कशी ठेवायची, वास कसा आवरायचा

माझी अळिंबीची (मशरूमची) पहिली पेटी कोल्हापुरात राजारामपुरीतल्या फ्लॅटच्या मागच्या बाल्कनीत होती. चौथ्या दिवशी खालच्या मजल्यावरच्या काकू वर आल्या आणि दारातूनच म्हणाल्या, "अगं, तुमच्यात काय कुजलंय का? जिन्यात उभं राहवंना." मी त्यांना आत नेऊन पेटी उघडून दाखवली. काड भरलेल्या पिशव्यांवर नुकतीच अळिंबीची पांढरी बुरशी (हिच्यातूनच पुढं अळिंबी उगवते) धरायला लागली होती आणि तिचा वास अगदी चांगला होता. घाण येत होती पेटीखालच्या टबातून. पिंजर, म्हणजे भाताचं काड, गरम पाण्यात भिजवून निथळत ठेवलं होतं, त्याचं तांबडं पाणी ओतायचं राहून गेलं होतं आणि तीन-चार दिवसांत ते आंबलं होतं. पाणी ओतलं, टब घासला, संध्याकाळपर्यंत जिना मोकळा झाला.

म्हणून नव्यानं अळिंबी लावणाऱ्याला मी सगळ्यात आधी हेच सांगते, की वास आला तर तो दाबायच्या मागे लागू नका, कुठून येतोय ते हुडका. निरोगी पेटीला फार वास नसतोच. नाक खुपसून हुंगलं तर ताज्या अळिंबीचा, किंचित बडीशेपेकडे झुकणारा वास येतो, आणि तो पेटीच्या बाहेर हातभरही जात नाही. जिन्यापर्यंत वास गेला तर आत कुठंतरी पाणी साठलंय, हवा कोंडलीय किंवा काहीतरी सडतंय एवढं नक्की.

हा लेख धिंगरी अळिंबीसाठी (ऑयस्टर मशरूमसाठी) आहे, कारण घरच्या पेटीत नवख्या हाताला तीच येते. पेटी बांधण्यापासून सुरुवात करू.

पेटी कशाची करायची

लाकडी जुनं कपाट दिसलं की त्याचीच पेटी करायचा मोह होतो. करू नका. प्लायवूड ओल पितं, फुगतं आणि त्याच्या थरांत बुरशी घर करते, ती नंतर कितीही पुसली तरी जात नाही. 2019 च्या महापुरात ज्यांच्या घरात पाणी शिरलं होतं त्यांना हे सांगायला नको. भिजलेल्या प्लायचा तो कुबट वास महिनोन्महिने हटत नाही. आपल्या पेटीत तर कायम 80 ते 90 टक्के आर्द्रता राहणार, म्हणजे लाकडाला रोजच पूर.

सगळ्यात सोपं म्हणजे लोखंडी अँगलचा रॅक. दोन फूट रुंद, दीड फूट खोल, चार फूट उंच. कप्प्यांना पत्रा न लावता जाळी लावायची, म्हणजे हवा खालून वर जाते. रॅकला सगळीकडून जाड प्लास्टिकचा कागद गुंडाळायचा, कोपरे रुंद टेपनं बंद करायचे आणि पुढच्या बाजूला प्लास्टिकचाच पडदा सोडून त्याला वेल्क्रो किंवा चेन लावायची. हे सगळं पुसता येतं, धुता येतं. अँगल आणि जाळी कापून-वाकवून घ्यायला शिवाजी उद्यमनगरात गेलं की काम होतं, फक्त कापलेल्या कडा घासून घ्या आणि रंगाचा एक हात मारा, नाहीतर गंज चढतो.

एवढ्या पेटीचं घनफळ 12 घनफूट, म्हणजे साधारण 340 लिटर. हा आकडा कागदावर लिहून ठेवा, पुढं लागणार आहे. यात एक किलो कोरड्या पिंजराच्या चार पिशव्या मोकळ्या ठेवता येतात. सहासुद्धा मावतात, पण दोन पिशव्यांत चार बोटं तरी अंतर हवं. अळिंबीची बुरशी वाढताना स्वतः उष्णता टाकते. पिशवीच्या पोटात बाहेरच्यापेक्षा दोन-चार अंश जास्त तापमान असतं. पिशव्या चिकटून ठेवल्या की मधला भाग तापतो, बुरशी मरते, आणि मग तिथूनच सडका वास सुरू होतो.

पेटी झोपायच्या खोलीत ठेवू नका. याचं कारण वासापेक्षा मोठं आहे. धिंगरीची फुलं, म्हणजे आपण खातो त्या छत्र्या, पूर्ण उमलली की बीजाणूंचा बारीक पांढरा धूर सोडतात. तो फुफ्फुसात रोज जात राहिला तर खोकला, ताप, धाप लागणं असा त्रास होऊ शकतो. अळिंबीच्या शेडमध्ये काम करणाऱ्यांत हा आजार चांगला माहीत आहे. घरात दम्याचं माणूस किंवा तान्हं मूल असेल तर पेटी गच्चीवरच्या खोलीत किंवा परसात ठेवा.

हवा आत कुठून, बाहेर कुठून

एकच नियम पाळा, हवा येण्याचं आणि जाण्याचं भोक एकमेकांपासून जितकं लांब करता येईल तितकं करा. माझ्या पेटीत हवा पुढून खाली डाव्या कोपऱ्यातून येते आणि मागून वर उजव्या कोपऱ्यातून जाते. मध्ये जे काही आहे त्या सगळ्यावरून ती जाते. दोन्ही भोकं एकाच बाजूला केली तर हवा जवळचा रस्ता धरते आणि बाकीची पेटी तशीच कोंदट राहते.

अळिंबी श्वास घेते तशी कार्बन डायऑक्साइड सोडते. तो जड असतो, म्हणून तळाला पाण्यासारखा साठून राहतो, असं पुष्कळजण सांगतात आणि मग पंखा तळाला लावतात. एवढ्याशा पेटीत पंखा फिरत असला की सगळी हवा ढवळली जाते, थर बिर काही राहत नाहीत. पंखा वर लावायचा फायदा वेगळाच आहे, पिशव्यांच्या उबेनं गरम झालेली दमट हवा तशीही वर चढते, पंखा तिला पुढं ढकलतो. शिवाय खाली पाणी ठिबकतं, तिथं पंखा लवकर खराब होतो.

पंखा बाहेर ओढणाराच हवा, आत ढकलणारा नको. वास आवरायची अर्धी युक्ती यातच आहे. पंखा हवा बाहेर खेचतो तेव्हा पेटीत किंचित ओढ तयार होते. प्लास्टिकला कुठं फट असली तर त्या फटीतून खोलीतली हवा आत जाते, पेटीतली बाहेर येत नाही. उलट पंखा आत हवा ढकलत असेल तर प्रत्येक फटीतून, चेनीच्या प्रत्येक दातातून वास खोलीत येणार.

संगणकाचा 12 व्होल्टचा 120 मिलिमीटरचा पंखा पुरतो. जुन्या संगणकातला काढला तरी चालतो. तो जेमतेम दोन-तीन वॅट खातो, दिवसरात्र चालला तरी महिन्याला दोन युनिटच्या आसपास. पंख्याच्या पुढं चार इंची पाइप जोडायचा. दोन्हींची मापं नेमकी जुळत नाहीत, त्यासाठी प्लास्टिकच्या पत्र्याला गोल भोक पाडून मध्ये बसवा आणि सिलिकॉननं सांध बुजवा.

आत येणाऱ्या हवेसाठी भोकं मोठी ठेवा. पंख्याच्या भोकाच्या दुप्पट म्हटलं तरी चालेल; चार इंची दोन भोकं. नवे लोक इथं हमखास चुकतात. पंखा चांगला घेतात, आणि हवा यायला मात्र बोटभर भोक ठेवतात. मग पंखा नुसता घरघरतो, पेटीचा कागद आत ओढला जातो, हवा काही हलत नाही. या भोकांवर 35 ते 40 मेशची (इंचाला तेवढी भोकं असलेली) बारीक नायलॉनची जाळी लावा. साधी मच्छरदाणी नको, तिच्यातून अळिंबीवरच्या बारीक काळ्या माश्या सहज आत जातात. वासाकडं त्या धावतच येतात, ओल्या काडात अंडी घालतात आणि त्यांच्या अळ्यांनी पोखरलेली पिशवी पुढं सडते.

अडॅप्टर पेटीच्या बाहेर, जमिनीपासून वर. वायर पेटीत जाण्याआधी खाली एक झोल सोडा, म्हणजे वायरीवरून ओघळलेलं पाणी झोलाच्या तळाशी ठिबकेल, अडॅप्टरमध्ये जाणार नाही.

उदबत्ती आणि कचऱ्याची पिशवी

पेटी बांधून झाली, अजून पिशव्या ठेवल्या नाहीत, तेव्हाच हे दोन प्रयोग करून घ्या. दहा मिनिटांचं काम आहे.

खोलीतला सीलिंग फॅन बंद करा, पेटीचा पंखा सुरू करा आणि उदबत्ती पेटवून पेटीच्या प्रत्येक सांध्याजवळून सावकाश फिरवा, प्लास्टिकला लागणार नाही इतक्या अंतरानं. धूर आत ओढला जात असेल तर ठीक. जिथं धूर सरळ वर जातो तिथं ओढ नाही. जिथं तो तुमच्याकडं ढकलला जातो तिथं पेटीतली हवा बाहेर येतेय. बहुतेक वेळा ती जागा पंख्याच्या चौकटीभोवती किंवा पाइपाच्या जोडाशी निघते, कारण पंख्याच्या पुढं दाब असतो. तिथं सिलिकॉनचा आणखी एक हात द्या आणि पुन्हा बघा.

दुसरा प्रयोग हवा मोजायचा. पंख्याच्या पुड्यावर लिहिलेला आकडा मोकळ्या हवेतला असतो. जाळी, पाइप, वळणं आली की तो अर्ध्यावर येतो. कचऱ्याची मोठी पातळ पिशवी पूर्ण चपटी करून पाइपाच्या तोंडाला धरा आणि फुगायला किती सेकंद लागतात ते मोजा. फुगलेल्या पिशवीचं तोंड बांधून ती मापं माहीत असलेल्या खोक्यात बसवून बघितली की किती लिटरची ते कळतं. समजा पिशवी 50 लिटरची आहे आणि पाच सेकंदांत फुगली. म्हणजे सेकंदाला दहा लिटर, मिनिटाला 600. आपली पेटी 340 लिटरची. म्हणजे साधारण 34 सेकंदांत पेटीतली हवा एकदा बदलते.

हे खूप झालं. असा पंखा दिवसभर चालला तर अळिंबी वाळून जाईल. फुलं यायच्या काळात तासाला चार-पाचदा हवा बदलली की पुरे. म्हणून चालू-बंद होणारा टायमर लावायचा, दर वीस मिनिटांनी एक मिनिट. तासात तीन मिनिटं पंखा चालतो आणि हवा पाचेक वेळा बदलते. तुमची पिशवी दहा सेकंदांत फुगली तर दोन मिनिटं ठेवा. आकडे तुमच्या पेटीचे काढा, माझे उचलू नका.

पाइप बाहेर कुठं सोडायचा

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी हा भाग नीट वाचावा. बाथरूमच्या खिडक्या जिथं उघडतात त्या बंदिस्त डक्टमध्ये पाइप सोडू नका. ती चिमणी आहे. तुमची हवा वरच्या प्रत्येक मजल्याच्या बाथरूममध्ये जाईल, आणि वास नसला तरी बीजाणू जातील. पाइप मोकळ्या बाजूला काढा, शेजाऱ्यांच्या खिडकीपासून लांब.

पाइपाला बाहेरच्या बाजूला थोडा उतार द्या. दमट हवा थंड पाइपात शिरली की पाणी सुटतं. उतार आत असला तर ते पंख्यावर येतं, आणि मध्ये पोट पडलं असेल तर तिथं साठून आंबतं. लवचीक ॲल्युमिनियमचा पाइप वापरत असाल तर तो ताणून बांधा, लोंबता ठेवू नका. बाहेरच्या टोकाला खाली तोंड केलेला एल्बो आणि त्यावर जाळी. आपल्याकडं पावसाळ्यात वारा पश्चिमेकडून येतो आणि पाऊस आडवा मारतो. पश्चिमेच्या खिडकीतून काढलेल्या सरळ पाइपात वारा शिरून पंख्यालाच उलटा रेटतो. शक्य असेल तर पूर्वेकडची किंवा उत्तरेकडची खिडकी धरा.

पिंजर, पाणी आणि पहिला वास

पन्हाळा, शाहूवाडी, राधानगरी, भुदरगड, भाताच्या कुठल्याही गावात ओळख असेल तर पिंजर मिळतं. गव्हाचं काड, सोयाबीनचा भुसा हेही चालतं. एकच बघा: कोरडं, पिवळं, त्याच हंगामातलं. पावसात भिजून पुन्हा वाळलेलं काड करडं दिसतं आणि हातात घेतलं की धुळीसारखं झडतं. ते फुकट मिळालं तरी घेऊ नका. अर्ध्या वासांची मुळं तिथंच असतात.

पिंजराचे दोन-तीन इंचांचे तुकडे करून, पोत्यात भरून, 80 अंशांच्या पाण्यात एक तास बुडवून ठेवायचं. सगळ्या प्रकारात जास्तीत जास्त वास याच कामाचा येतो, ओल्या गवताचा आणि चहाच्या चोथ्याचा मिळून एक जड वास. ते गच्चीवर किंवा परसातच करा, स्वयंपाकघरात नको. आणि निथळलेलं पाणी त्याच दिवशी थंड करून झाडांच्या बुडाशी ओता. टबात ठेवलेल्या पाण्याचं काय होतं ते मी वर सांगितलंच.

निथळलेल्या काडातली ओल मोजायला यंत्र लागत नाही. मूठभर काड घट्ट पिळा. तळहात ओला व्हायला हवा, पण बोटांतून थेंब गळता कामा नये. एकदोन थेंब आले तर अजून तासभर पसरून ठेवा. मी हे दर वेळी पोत्याच्या मधल्या भागातलं काड काढून करते, कारण वरचं लवकर सुकतं आणि आपण फसतो. या एका परीक्षेत घाई केली की पुढचे वीस दिवस पिशवीच्या तळाशी पिवळं पाणी बघत बसावं लागतं.

काड पिशवीत भरताना त्यात अळिंबीचं बियाणं (स्पॉन) घालायचं, ओल्या काडाच्या दोन ते चार टक्के, म्हणजे एक किलो कोरड्या काडाच्या पिशवीला साधारण शंभर ग्रॅम. पिशवीला वीस-पंचवीस बारीक भोकं पाडा, त्यातली पाच-सहा अगदी बुडाला. बुडाची भोकं विसरली तर जास्तीचं पाणी तिथंच राहतं, तिथली हवा संपते आणि आंबायला सुरुवात होते.

पुढचे पंधरा-वीस दिवस बुरशी पसरायचे. या काळात अंधार आणि 24 ते 28 अंश तापमान हवं. मोकळी हवा फारशी लागत नाही. टायमर बंद ठेवून सकाळ-संध्याकाळ एकेक मिनिट पंखा लावला तरी पुरतं. पिशवी पांढरीशुभ्र झाली की चार-पाच ठिकाणी फुलीसारखे काप द्या, थोडा उजेड येऊ द्या आणि मग टायमर सुरू करा.

फुलं बघून हवा ओळखा

कार्बन डायऑक्साइड मोजायचं यंत्र महाग असतं आणि एवढ्याशा कामाला त्याची गरज नाही. अळिंबीच सांगते.

माझ्या दुसऱ्या खेपेला टायमरची पिन सैल होती, हे मला दोन दिवस कळलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी पडदा उघडला तर कापांतून देठच्या देठ बाहेर आलेले, बोटभर लांब, पांढरे, आणि टोकाला टोपी वाटाण्याएवढी. त्यातले पुढचे सगळे देठ खालच्या डाव्या कोपऱ्याकडं, हवा येते त्या जाळीकडं वाकलेले होते. हवा कमी पडली की असंच होतं. बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइड चारशेच्या थोडा वर पीपीएम (दहा लाखांत तेवढे भाग) असतो, पेटीत तो हजाराच्या पुढं राहिला की टोपी उमलत नाही, देठच वाढतो. अशी फुलं खायला चालतात, फक्त चिवट लागतात.

हवा जास्त झाली तर उलटं. टाचणीच्या डोक्याएवढे कोंब पिवळट-तपकिरी होऊन वाळतात, मोठ्या फुलांच्या कडा कागदासारख्या होतात. पंख्याची वेळ कमी करा.

आणि पाण्याचा फवारा मारल्यावर पंखा नक्की चालवा. टोप्यांवरचं पाणी तास-दोन तासांत उडून जायला हवं. ओली टोपी कोंदट हवेत रात्रभर राहिली की तिच्यावर पिवळे-तपकिरी चिकट डाग पडतात. तो जिवाणूंचा रोग आहे आणि त्याला मासळीसारखा घाण वास येतो. अशी फुलं काढून टाका, पुढचा एक दिवस फवारा बंद ठेवा.

कुठला वास काय सांगतो

आंबट वास, साखर कारखान्याच्या बाजूनं वारा आला की मळीचा येतो तसा: काड जास्त ओलं आहे. पिशवी तिरकी धरून बघा, बुडाला पाणी असेल. खालच्या कोपऱ्यात आणखी भोकं पाडा, निथळू द्या, पंखा थोडा वाढवा. सुरुवातीलाच धरलं तर पिशवी वाचते.

गटारीचा किंवा कुजक्या अंड्याचा वास आला तर ती पिशवी गेली. आतला भाग काळा-तपकिरी आणि पातळ झालेला असतो. ठेवून बघू म्हणू नका.

नाकात झोंबणारा, अमोनियासारखा वास बहुधा जास्त उत्पन्नाच्या आशेनं काडात कोंडा किंवा पेंड मिसळणाऱ्यांच्या पेटीत येतो. पहिल्या दोन-तीन खेपांना नुसतं काडच वापरा.

एक वास फसवा आहे: खोबऱ्यासारखा. छान वाटतो, आणि पाठोपाठ पिशवीवर हिरवी पूड दिसते. ती ट्रायकोडर्मा नावाची हिरवी बुरशी. शेतात ती पिकाच्या उपयोगाची, बियाण्याला चोळायला आपण विकत आणतो. अळिंबीला मात्र ती खाऊन टाकते. शेतावर ट्रायकोडर्मा हाताळून आलात तर अंघोळ करून कपडे बदलल्याशिवाय पेटीला हात लावू नका. हिरवी झालेली पिशवी पेटीत उघडू नका, झटकू नका. पंखा बंद करा, दुसऱ्या मोठ्या पिशवीत अलगद घाला, तोंड बांधा आणि बाहेर न्या.

फुलं काढल्यानंतर दोन दिवसांनी येणारा वास बहुतेकदा देठांच्या बुडख्यांचा असतो. फूल सुरीनं कापू नका, बुडाशी धरून पिळून काढा, म्हणजे बुडखा राहत नाही. आणि कडा सपाट होऊन वर वळायच्या आधी काढा. टोपीची कड किंचित खाली वळलेली असते तेव्हा चव चांगली, वजन चांगलं, आणि बीजाणूंचा धूरही जवळजवळ नाही. उशीर झाला आणि खालच्या कप्प्यावर पांढरी पूड दिसली तर एन-95 मास्क लावून ओल्या फडक्यानं पुसा, झाडू नका.

कोळशाचा फिल्टर लावावा का

पुष्कळजण सुरुवातच इथून करतात, म्हणून मी मुद्दाम शेवटाकडं घेतलं. वर सांगितलेलं सगळं केलं, पाइप मोकळ्या बाजूला काढला, तर धिंगरीच्या पेटीला कोळशाची गरज सहसा पडत नाही. ज्यांना पाइप बाहेर काढायला जागाच नाही त्यांनी फिल्टर करावा.

कोळसा म्हणजे सक्रिय कोळसा, नारळाच्या करवंटीपासून बनवलेला, तीन-चार मिलिमीटर दाण्याचा. इस्त्रीवाल्याकडचा लोणारी कोळसा तसाच दिसतो, पण त्याला ती असंख्य सूक्ष्म छिद्रं नसतात. तो वास फारसा धरत नाही, नुसती काळी भुकटी उडवतो. जाळीच्या दोन नळ्या करायच्या, आतली दहा सेंटिमीटर व्यासाची, बाहेरची पंधरा, लांबी पंचवीस. मधल्या अडीच सेंटिमीटरच्या पोकळीत चाळून घेतलेला कोळसा ठासून भरायचा. सव्वा किलोच्या आसपास लागतो. एक तोंड बंद, दुसरं पंख्याच्या पाइपाला, आणि बाहेरून जुन्या पातळ सुती कापडाचं आवरण. कोळसा भरल्यावर पिशवी फुगवायचा प्रयोग पुन्हा करा, हवा चांगलीच कमी झालेली दिसेल. तेवढी मिनिटं टायमरमध्ये वाढवा.

अडचण अशी की हवेतली आर्द्रता सत्तर टक्क्यांच्या वर गेली की कोळशाची छिद्रं पाण्याच्या वाफेनंच भरायला लागतात, आणि आपल्या पेटीतली हवा तर पंच्याऐंशीची. त्यामुळं हा कोळसा लवकर थकतो. उन्हात वाळवला तर पाणी जातं, धरलेला वास पूर्ण जात नाही.

पेटीत कापूर, डांबरगोळ्या, सुगंधी फवारे काहीही ठेवू नका. आपण खायची वस्तू वाढवतोय. आणि ओझोन सोडणारं यंत्र घरात मुळीच नको. वास जातो, पण तो वायू माणसाच्या फुफ्फुसालाच इजा करतो.

कोल्हापूरचे ऋतू

पहिली पेटी नवरात्र सरल्यावर लावा. ऑक्टोबर ते फेब्रुवारी आपल्याकडची हवा धिंगरीला मानवते आणि चुका पोटात घेते.

जून ते सप्टेंबर बाहेरचीच हवा दमट असते. फवारा जवळजवळ बंद, पंख्याची वेळ दीडपट. पेटीच्या कागदाला आतून पाण्याचे ओघळ दिसले की वेळ आणखी वाढवा. लाइट दोन तासांच्या वर गेली तर पडदा अर्धा उघडून ठेवा.

मार्चनंतर दुपारची हवा कोरडी होते. तेव्हा हवा येण्याच्या भोकासमोर ओलं गोणपाट टांगतात. चांगला उपाय आहे, पण कायम ओलं राहिलेलं गोणपाट स्वतःच कुबट वास मारायला लागतं आणि तीच हवा आत जाते. दोन तुकडे ठेवा. एक टांगलेला, दुसरा धुऊन कडक उन्हात. एक दिवसाआड अदलाबदल करा. एप्रिल-मे नव्या माणसानं सोडूनच द्यावा.

दोन-तीन वेळा फुलं आली की पिशवी थकते. थकलेली पिशवी बाल्कनीच्या कोपऱ्यात ठेवू नका. त्याच दिवशी फोडून कंपोस्टच्या खड्ड्यात किंवा झाडांच्या आळ्यात घाला, वर माती टाका. पेटी रिकामी झाली की साबणाच्या पाण्यानं धुवा, मग ब्लीचिंग पावडरचं पातळ पाणी फडक्यानं फिरवा आणि दार-खिडकी उघडी ठेवा. ब्लीचिंगच्या पाण्यात ॲसिड, फिनेल काही मिसळू नका. जाळ्या काढून घासा, पंख्याची पाती सुक्या ब्रशनं झटका. पडदा उघडा टाकून पंखा दोन दिवस चालू ठेवा, कप्पे हाताला कोरडे लागेपर्यंत. मग पडदा लावा आणि नव्या पिशव्या ठेवायच्या आधी उदबत्ती पुन्हा एकदा सगळ्या सांध्यांवरून फिरवा. सिलिकॉन एका खेपेत सुटलेलं असतं.